बंद दाराआडचा रिकामा गाभारा

तामिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यात श्रीपुरंतन नावाचं एक लहान गाव आहे. गावात चोळ काळातलं बृहदीश्वराचं मंदिर आहे. तंजावरच्या जगप्रसिद्ध मंदिराचं नाव याला मिळालं, पण नशीब मिळालं नाही. नित्यपूजा कित्येक वर्षांपूर्वीच बंद पडलेली, पुजारी नाही, उत्पन्न नाही. आत मात्र शेकडो वर्षांपूर्वी ओतलेले कांस्य देव कुलूपबंद होते आणि त्यांत साधारण चार फूट उंचीचा एक नटराज होता.

२००८ मध्ये अधिकारी गावात आले. आडगावच्या, राखण नसलेल्या मंदिरांतल्या मूर्ती सुरक्षित जागी हलवायच्या, असं ठरलं होतं. गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला. आमचा देव आम्ही गावाबाहेर जाऊ देणार नाही, मंदिराच्या बंदोबस्ताचं आमचं आम्ही बघू, अशी त्यांची भूमिका होती. त्याच खटपटीत ऑगस्टमध्ये दार उघडलं गेलं आणि गाभारा रिकामा निघाला. आठ मूर्ती नाहीशा झाल्या होत्या. चोरी २००६ मध्येच झाली होती. चोरांनी तोडलेलं कुलूप बाहेरून शाबूत दिसेल असं पुन्हा बसवून ठेवलं होतं, आणि दोन वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. गाव ज्या देवासाठी अधिकाऱ्यांशी भांडत होतं, तो त्या वेळी कॅनबेरात होता. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने फेब्रुवारी २००८ मध्ये तो पन्नास लाख अमेरिकी डॉलरना विकत घेतला होता.

चोरांचं धाडस किंवा संग्रहालयाचा हावरेपणा या दोन गोष्टी या हकिगतीत लगेच डोळ्यांत भरतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती मधली दोन वर्षं. मूर्ती चोरीला जाते ती बहुतेकदा जिच्याकडे कुणी बघत नाही अशी. आणि परत येते ती जिच्याकडे कधीतरी कुणीतरी नीट बघून ठेवलेलं असतं अशी. पुढच्या साऱ्या हकिगतीत हे पुन्हा पुन्हा दिसेल.

मुळात या मूर्ती चोरायला सोप्या का? गाभाऱ्यातली मूळ मूर्ती दगडाची असते आणि ती जागची हलत नाही. पण देवाने उत्सवाला बाहेर पडायचं असतं, रस्त्यावरच्या माणसाला दर्शन द्यायचं असतं, म्हणून मिरवायला वेगळी, धातूची उत्सवमूर्ती असते. सोमवती अमावस्येला जेजुरीच्या खंडोबाची पालखी कऱ्हेवर जाते, तिच्यात उत्सवमूर्ती असतात, तसंच हे. नवव्या ते तेराव्या शतकांत चोळ राजांच्या आश्रयाने कावेरीच्या खोऱ्यात अशा उत्सवमूर्ती मोठ्या संख्येने घडल्या. त्यांच्या पीठाला दांडे ओवण्यासाठी भोकं किंवा कड्या ठेवलेल्या असतात. देव सहज उचलून मिरवता यावा म्हणून केलेली ही सोय चोराच्याही कामी आली.

मूर्ती घडवण्याची रीतही समजून घेतली पाहिजे, कारण पुढे कोर्टकचेरीत तीच कामाला येते. स्थपती आधी मेणाची मूर्ती करतो, अगदी बोटांतल्या अंगठ्यांसकट. तिच्यावर मातीचे थर देतो, साचा तापवून मेण वितळवून काढतो आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततो. धातू निवला की साचा फोडायचा. म्हणजे एका साच्यातून एकच मूर्ती. दोन नटराज दुरून सारखे दिसले तरी प्रभावळीतल्या ज्वाला, जटांची लकब, ओतकामात राहिलेला खड्डा, यांत ते जुळूच शकत नाहीत. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैला हे काम आजही याच पद्धतीने चालतं.

चौदाव्या शतकाच्या आरंभी मलिक काफूरची फौज दक्षिणेत उतरली, तेव्हा अनेक ठिकाणी पुजाऱ्यांनी या मूर्ती मंदिराच्या आवारात पुरून ठेवल्या. गोव्यात पोर्तुगीजांच्या धास्तीने मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला नेली गेली. ते देव नव्या जागी पुजले तरी गेले. पुरलेल्यांपैकी कित्येकांची जागा सांगणारी माणसंच उरली नाहीत. म्हणून तंजावर भागात विहीर खणताना, पाया घेताना अजूनही कांस्य देव वर येतात, आणि असा कुठल्याच दप्तरात नसलेला देव दलालाला सर्वांत सोयीचा असतो.

चोर चोरात फरक असतो, आणि तो मूर्तीच्या भवितव्याच्या दृष्टीने फार मोठा आहे. रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरला १९९७ मध्ये नारळी-पोफळीच्या बागेत सोन्याचा गणपती सापडला. मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी दोन रखवालदारांचे जीव घेऊन तो पळवला. चोर पकडले गेले, शिक्षा झाली, पण हाती लागलं ते वितळलेलं सोनं. त्या चोरांना फक्त धातूची किंमत कळत होती. श्रीपुरंतनच्या चोरांमागे उभा असलेला दलाल रूपाची किंमत ओळखत होता. त्यामुळे तिथला नटराज शाबूत राहिला. त्याच्या परतीची शक्यताही तेवढ्यामुळेच राहिली.

रूपाची किंमत जाणणाऱ्यांची ही साखळी जुनी आहे, आणि तिचा एक दुवा मुंबईत होता. १९५१ मध्ये कुंभकोणमजवळच्या शिवपुरम गावात शेतकऱ्याला जमिनीखाली सहा कांस्य मूर्ती सापडल्या. सरकारने त्या गावच्या मंदिराला दिल्या. पुढे तीन वर्षांनी त्या दुरुस्तीसाठी एका स्थपतीकडे गेल्या आणि तिथे नटराजाची हुबेहूब प्रतिकृती तयार झाली. प्रतिकृती मंदिरात परतली, मूळ मूर्ती बाजारात गेली. पूजा, अभिषेक, आरती सगळं नव्या मूर्तीला सुरू झालं. कुणाला शंकाही आली नाही. मूळ नटराज मुंबईतल्या खासगी संग्रहांत फिरत राहिला.

शंका आली ती ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट या अभ्यासकाला. त्यांनी चोळ कांस्यमूर्तींवरच्या १९६५ च्या पुस्तकात लिहून टाकलं की शिवपुरमच्या मंदिरात आहे तो नटराज नवा आहे. पुस्तक मुंबईतूनच प्रसिद्ध झालं होतं. तरीही १९६९ मध्ये मूळ मूर्ती न्यूयॉर्कला पोचली आणि १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातले उद्योगपती नॉर्टन सायमन यांच्या प्रतिष्ठानने ती सुमारे नऊ लाख डॉलरना घेतली. एका जाणकाराचं लेखी निदान छापील स्वरूपात उपलब्ध असताना मूर्ती देशाबाहेर जाते, याची मला आजही चीड येते. भारत सरकारने परदेशी कोर्टांत दावे लावले. १९७६ मध्ये तडजोड झाली. मूर्ती दहा वर्षं सायमन यांच्या संग्रहालयात राहील आणि मग परत येईल, असं ठरलं, आणि १९८६ मध्ये ती आली.

या प्रकरणाच्या सुमारासच कायदाही कडक झाला. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७६ मध्ये अमलात आला. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणं ही पुरावस्तू (हस्तलिखितांना मर्यादा पंचाहत्तर वर्षांची), ती खासगी माणसाने देशाबाहेर नेणं बेकायदा, आणि शिल्पं-मूर्तींची नोंदणी सक्तीची. दरम्यान १९७० मध्ये युनेस्कोचा आंतरराष्ट्रीय करार झाला होता. भारताने त्याला १९७७ मध्ये मान्यता दिली. यातून तस्करीची रीत बदलली. मूर्ती बाहेर काढणं जमत होतंच, आता तिला जुना, निर्दोष जन्मदाखला लागू लागला. ती १९७२ च्या आधीच भारताबाहेर पडली होती, असं सांगणारा कागद हवा. मूर्तीच्या किमतीचा मोठा भाग त्या कागदात असतो.

श्रीपुरंतनचा नटराज कॅनबेराला पोचला तोही असाच कागद घेऊन. विक्रेता होता सुभाष कपूर, न्यूयॉर्कच्या मॅडिसन ॲव्हेन्यूवरच्या ‘आर्ट ऑफ द पास्ट’ या दालनाचा मालक. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांना तो माल पुरवत असे आणि त्यांना भेटवस्तूही देत असे. नटराजासोबत त्याने जी कागदपत्रं दिली त्यांनुसार ही मूर्ती सुदानच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याने दिल्लीत नेमणुकीवर असताना, १९७० च्या सुमारास विकत घेतली होती. सगळं बनावट होतं. चेन्नईतला दलाल संजीवी अशोकन याने माणसं लावून मूर्ती काढल्या होत्या आणि नव्या हस्तकलेच्या वस्तू म्हणून त्या बंदरातून रवाना केल्या होत्या. भारतातून रोज पितळी, कांस्य मूर्तींच्या पेट्या कायदेशीरपणे निर्यात होतात. स्वामीमलैच्या नव्या नटराजांच्या गर्दीत एक आठशे-नऊशे वर्षांचा नटराज ओळखायला कस्टमच्या धक्क्यावर बॅरेटसारखा डोळा लागेल.

कॅनबेराच्या संग्रहालयाने चौकशी केली नाही असं नाही. वकिलाचा सल्लाही घेतला होता आणि त्यात पूर्वेतिहासाचे पुरावे तोकडे असल्याचा इशारा होता. तरीही खरेदी झाली. मी या निर्णयाला भाबडेपणा म्हणणार नाही. हवीहवीशी वस्तू समोर असली की माणूस तेवढेच प्रश्न विचारतो, ज्यांची उत्तरं सोयीची असतात. नुकताच बाजारात आलेला, कुठल्याही जुन्या पुस्तकात, लिलावाच्या यादीत किंवा प्रदर्शनात न दिसलेला पहिल्या प्रतीचा चोळ नटराज तीस-पस्तीस वर्षं होता कुठे, हा प्रश्न साधा आहे.

इथे एका जुन्या खटल्याचा उल्लेख केलाच पाहिजे. तंजावर भागातल्या पत्तूर गावात १९७६ मध्ये एका मजुराला मंदिराच्या पडक्या जागेजवळ खणताना नटराज मिळाला. तो हातोहात लंडनला गेला आणि १९८२ मध्ये बंपर डेव्हलपमेंट या कॅनडातल्या कंपनीने अडीच लाख पौंडांना घेतला. जतनाच्या कामासाठी मूर्ती ब्रिटिश म्युझियममध्ये असताना स्कॉटलंड यार्डने ती जप्त केली आणि दावा उभा राहिला. दावेदारांत भारत सरकार होतं, तामिळनाडू सरकार होतं, आणि पत्तूरच्या पडक्या मंदिरातलं शिवलिंगही होतं. देव ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, तिला मालमत्ता असते आणि ती माणसांमार्फत दावा लावू शकते, हे भारतीय कायद्यात प्रस्थापित आहे. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ च्या एका निकालात ते स्पष्ट केलं होतं. लंडनच्या न्यायालयाला आता एका भग्न देवळाचा हक्क तोलायचा होता.

कंपनीचे वकील म्हणत होते, हीच मूर्ती पत्तूरची कशावरून? मग तज्ज्ञ उभे राहिले. मूर्तीला चिकटलेली माती, धातूचं मिश्रण, तिच्यावर वाळवीने सोडलेल्या खुणा, सगळं तपासलं गेलं. त्याच जागी नंतर सापडलेल्या कांस्य मूर्तींशी घडणीची तुलना झाली. तामिळनाडूचे पुरातत्त्वज्ञ आर. नागस्वामी यांची साक्ष या खटल्यात फार मोलाची ठरली. १९८८ मध्ये न्यायाधीशांनी निकाल भारताच्या बाजूने दिला, १९९१ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला आणि नटराज परत आला. कंपनीने मूर्ती सद्भावनेने घेतली होती हे मान्य होऊनही मंदिराचा हक्क वरचढ ठरला. छप्पर पडलं, पूजा थांबली, म्हणून देवाची मालकी संपत नाही. भारतातल्या प्रत्येक ओसाड देवळासाठी हा निकाल महत्त्वाचा आहे.

पत्तूरला माती आणि वाळवी साक्षीला आली, कारण मूर्तीचा आधीचा फोटो असणंच शक्य नव्हतं. श्रीपुरंतनला फोटो होता. तो कुणी काढला होता, हे सांगायला मला फार आनंद होतो. पुदुच्चेरीत १९५५ मध्ये फ्रेंच इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि पुढच्या वर्षापासून तिथल्या लोकांनी दक्षिणेतल्या मंदिरांची छायाचित्रं घ्यायला सुरुवात केली. मोठी आणि प्रसिद्ध मंदिरं तर त्यांनी घेतलीच, पण ज्या गावांची नावं नकाशावर सापडत नाहीत तिथेही ते कॅमेरा घेऊन गेले. दीड लाखाच्या आसपास छायाचित्रं जमली. चोर पकडायचे हा हेतू त्यात अजिबात नव्हता. मूर्तिशास्त्राचा अभ्यास करायचा, एवढंच. श्रीपुरंतनच्या नटराजाचा फोटो त्यांनी १९९४ मध्ये घेतला होता. चोरीची तक्रार झाली तेव्हा तामिळनाडू पोलिसांच्या मूर्तिचोरी शाखेला हाच संग्रह उपयोगी पडला.

फोटो पोलिसांकडे होता, मूर्ती कॅनबेराच्या दालनात उघड मांडलेली होती. दोन्ही शेजारी ठेवून बघणारा कुणीतरी हवा होता. ते काम पगारी यंत्रणांपेक्षा हौशी माणसांनी जास्त केलं. सिंगापूरला नौवहन क्षेत्रात नोकरी करणारे एस. विजयकुमार हे त्यांतले अग्रणी. शिल्पकलेच्या आवडीपायी त्यांनी देशोदेशीच्या संग्रहालयांचे कॅटलॉग, लिलावाच्या याद्या आणि मंदिरांचे जुने फोटो ताडून पाहायला सुरुवात केली. या धडपडीवर त्यांनी २०१८ मध्ये ‘द आयडॉल थीफ’ हे पुस्तक लिहिलं. जेसन फेल्च हे अमेरिकी पत्रकार दुसऱ्या बाजूने कपूरच्या कागदपत्रांचा माग काढत होते. प्रभावळीतली प्रत्येक ज्वाला मोजायची, पीठावरचा प्रत्येक ओरखडा मोठा करून पाहायचा, असं हे काम. साचा एकदाच वापरला जातो, म्हणून जुळणी एकदा झाली की तिच्यावर वाद उरत नाही.

कपूरला ऑक्टोबर २०११ मध्ये जर्मनीत अटक झाली आणि जुलै २०१२ मध्ये तो भारताच्या ताब्यात आला. अमेरिकेत त्याच्या गोदामांवर छापे पडले. तिथे मूर्तींइतकाच बोलका पुरावा संगणकात मिळाला, तो म्हणजे भारतातून चोरांनी पाठवलेले फोटो. नुकत्याच काढलेल्या, धुळीने माखलेल्या मूर्ती जमिनीवर आडव्या टाकून काढलेले. सुदानी अधिकाऱ्याच्या घरात तीस-पस्तीस वर्षं नांदलेला नटराज असा दिसत नाही. मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांच्या कचेरीने कपूर आणि त्याच्या साथीदारांच्या हातून गेलेल्या अडीच हजारांहून अधिक वस्तू २०२२ पर्यंत हस्तगत केल्या. त्यांची किंमत १४.३ कोटी डॉलरहून जास्त धरली गेली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला कुंभकोणमच्या न्यायालयाने कपूरला सुत्तमल्लीच्या वरदराज पेरुमाळ मंदिरातल्या चोरीच्या खटल्यात दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

नटराज त्याआधीच परतला होता. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान टोनी ॲबट यांनी दिल्लीत तो पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हाती दिला. सोबत वृद्धाचलमच्या मंदिरातला दगडी अर्धनारीश्वर होता, जो सिडनीच्या संग्रहालयाने २००४ मध्ये कपूरकडूनच घेतला होता. त्याचाही मंदिरातल्या कोनाड्यात असतानाचा फोटो पुदुच्चेरीच्या संग्रहात होता. अमेरिकेने २०२१ मध्ये १५७ आणि पुढच्या वर्षी ३०७ वस्तू सुपूर्द केल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कमधून १,४४० वस्तू परत करत असल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी जुलैमध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात सांस्कृतिक ठेव्याच्या तस्करीविरुद्ध करारही झाला.

परत आलेला देव आपल्या देवळात पोचतोच असं नाही. तामिळनाडूत अशा मूर्तींसाठी सरकारी सुरक्षा केंद्रं आहेत. सर्वांत मोठं तिरुवारूरच्या त्यागराज मंदिराच्या आवारात. पत्तूरचा नटराज लंडनचा खटला जिंकून आला आणि अशा बंदिस्त जागी ठेवला गेला. ज्या देवाच्या पीठाला मिरवणुकीसाठी कड्या आहेत, त्याला लोखंडी दाराआड ठेवणं ही अर्धीच परतफेड आहे, असं मला वाटतं. पण पुजारी नसलेल्या देवळात त्याला पुन्हा एकटं सोडणंही बरोबर नाही. कल्लिडैकुरिचीच्या लोकांनी यातून वाट काढली. तिथल्या मंदिरातून १९८२ मध्ये गेलेला नटराज ॲडलेडच्या संग्रहालयाकडून २०१९ मध्ये मिळाला, आणि गावाने वाजतगाजत पुन्हा स्थापला. तिथे मंदिर जागतं होतं, माणसं रोज येत होती. अनंतमंगलमचे राम, सीता आणि लक्ष्मण १९७८ मध्ये चोरीला गेले होते. ते २०२० मध्ये लंडनहून आले तेही त्यांच्या गावी गेले. त्यांची ओळख पटली होती १९५८ मध्ये पुदुच्चेरीच्या लोकांनी काढलेल्या फोटोवरून.

माझ्या माहितीत महाराष्ट्रात पुदुच्चेरीसारखा संग्रह नाही. यादवकाळातल्या पडक्या देवळांत, बारवांच्या कोनाड्यांत, गावाबाहेरच्या पाराखाली सुटी शिल्पं आणि वीरगळ उघड्यावर आहेत. त्यांतल्या बहुतेकांचा ओळख पटेल असा एकही फोटो कुठल्या दप्तरात नसावा. आता प्रत्येक खिशात कॅमेरा आहे, पण आपण जो फोटो काढतो तो हार-फुलं, वस्त्रं, मुखवट्यासकट, समोरून, दिव्यांच्या उजेडात. भक्तीला तो पुरतो, न्यायालयाला पुरत नाही. कलावस्तूंच्या ओळखीच्या नोंदीसाठी १९९७ पासून ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाचा आंतरराष्ट्रीय नमुना वापरात आहे. त्यात वस्तूचा प्रकार, द्रव्य, मापं, लेख, विषय आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वेगळेपणाच्या खुणा लिहायच्या असतात. गुरव, देवस्थानचे विश्वस्त, इतिहासाचे शिक्षक, कुणालाही एका दुपारीत हे करता येईल. वस्त्रं उतरवलेल्या वेळी चारही बाजूंनी आणि पीठाच्या तळाचा फोटो घ्यायचा, शेजारी मोजपट्टी ठेवायची. तुटलेलं बोट, झिजलेलं नाक, ओतकामातलं छिद्र यांचे जवळून वेगळे फोटो घ्यायचे, आणि तारखेसह एक प्रत गावाबाहेर, जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवायची. मूर्ती गेलीच, तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवून घ्यायचा आणि फिर्यादीत ‘एक जुनी देवाची मूर्ती’ एवढंच न लिहू देता ही सगळी मापं आणि खुणा उतरवून घ्यायच्या. परदेशातल्या तपास यंत्रणेकडे भारताला मागणी करायची असते, तेव्हा पहिल्यांदा तीच फिर्याद मागितली जाते.